परातीएवढा सूर्य

आमची अभ्यासिका ज्या वाक्याने बंद झाली ते वाक्य मी लिहिलं होतं. दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर मी त्याच्या दारात जाऊन भांडले असते. भांडण्यात मी कधी मागे राहिले नाही.

अभ्यासिका म्हणजे शिरवण्याजवळच्या आमच्या वसाहतीत मंडळाचा जो हॉल आहे, त्याच्यामागची दहा बाय बाराची खोली. दोन लांब टेबलं, अकरा खुर्च्या, एक फळा, एक पंखा आणि वर्गणीतून घेतलेला जुना संगणक. वसाहत बहुतेक मराठवाड्यातून आणि कोकणातून कंपन्यांत कामाला आलेल्या बौद्ध कुटुंबांची. घर एका खोलीचं आणि त्यात टीव्ही, आजारी म्हातारं माणूस, पाळीवरून येऊन झोपलेला बाप असं सगळंच. अभ्यासाला जागा हवी म्हणून माझ्या वडिलांच्या पिढीने ही मागची खोली वेगळी काढली होती. मी दहावीपासून पदवीपर्यंत तिथेच वाचलं. पुढे महापेला एका कंपनीत वेबसाइट तपासायची नोकरी लागली, तरी किल्ली माझ्याकडेच राहिली. माझी पाळी सकाळी सहाची. तीनला घरी, साडेतीनला अभ्यासिकेत, असा माझा दिवस.

पप्पा ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रसायनांच्या कारखान्यात होते. युनियनची पत्रकं तेच लिहायचे. उरलेल्या पत्रकांचे गठ्ठे घरात पडलेले असायचे आणि पाठीमागची बाजू कोरी असायची, म्हणून माझ्या वह्या कमी आणि पत्रकंच जास्त. एका बाजूला ‘कंत्राटी कामगारांना कायम करा’, दुसऱ्या बाजूला माझा लसावि. वाचायलाही मी त्यांच्यावरच शिकले. त्यामुळे असेल, पण शेवटी ठळक अक्षरांत एक ओळ आल्याशिवाय मला कुठलंही लिखाण पुरं झाल्यासारखं वाटत नाही.

पप्पांचा एक नियम होता. ‘पत्रक आधी मालकाच्या टेबलावर जातं, कामगाराच्या हातात नंतर.’ गेटवर पहिली प्रत घेणारा माणूस ती धावत मॅनेजरकडे पोहोचवतो, हे त्यांना पक्कं ठाऊक. म्हणून मजकूर छापायला द्यायच्या आधी ते खुर्चीत मागे रेलून बसायचे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणायचे आणि मॅनेजरच्या आवाजात सगळं पत्रक वाचायचे. त्या आवाजात जी ओळ गोड लागेल तिच्यावर काट. आम्ही पोरं हसून लोळायचो. एकदा कुणीतरी लिहून आणलं होतं, ‘आम्ही अर्ध्या भाकरीवरही लढू!’ पप्पांनी ते मॅनेजरच्या आवाजात वाचलं आणि त्याच आवाजात म्हणाले, “व्हेरी गुड. मग अर्धीच देतो.” ओळ गेली.

विश्वाचा आकार दाखवणारी इंटरनेटवरची पानं मी कॉलेजात असताना पहिल्यांदा पाहिली. अशी बरीच आहेत. एकात खाली एक पट्टी असते. ती सरकवली की माणसापासून सुरुवात होऊन डोंगर, पृथ्वी, सूर्य, दीर्घिका असं एकेक मागे पडत जातं. दुसऱ्या एकात चंद्र म्हणजे पडद्यावरचा एक ठिपका, आणि आपण उजवीकडे सरकत राहायचं. सरकत राहायचं म्हणजे बोट दुखेपर्यंत. नुसता काळोख. मग एकदम एक ग्रह येतो आणि जातो, पुन्हा काळोख. मला तो काळोख फार आवडला. पुस्तकात सगळे ग्रह एका ओळीत दाटीवाटीने बसवलेले असतात, चाळीतल्या बिऱ्हाडांसारखे. ते सगळं खोटं होतं हे मला त्या दुखऱ्या बोटाने शिकवलं.

पण ती पानं इंग्रजीत. आणि त्यांतल्या तुलना कुठल्या? अमुक इतकी फुटबॉलची मैदानं, तमुक शहराएवढा तारा. अभ्यासिकेतल्या पोरींना त्या शहराची काय माहिती? मी ठरवलं की आपलं पान आपण करायचं. तीन महिन्यांचे रविवार त्यात गेले. माझ्या पानावर पट्टी आमच्या खोलीपासून सुरू व्हायची. मग हॉल, वसाहत, शिरवणे, ठाण्याची खाडी, महाराष्ट्र, पृथ्वी आणि पुढे. आकडे मराठीत लिहायचे म्हणून खर्व, निखर्व, परार्ध सगळं शोधून काढलं. मीटरमध्ये मोजायला लागलात तर परार्ध आपल्या शेजारच्या काही ताऱ्यांपाशीच संपतो. त्याच्या पुढे मराठीत शब्द नाहीत, तिथून मी नुसती शून्यं लिहिली.

ते पान मी पहिल्यांदा दाखवलं ते एका बाईला. तिला मी ताई म्हणायचे. वय अडतीस, तुर्भ्याच्या एका कंपनीत गोळ्यांच्या पॅकिंगला, पहिली पाळी. गावाकडे आठवीत शाळा सुटलेली. कंपनीत लाइनवरची सुपरवायझर व्हायला दहावी पाहिजे म्हणून तिने सतरा नंबरचा फॉर्म भरला होता, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षा. नवरा कायम रात्रपाळीला, दिवसभर झोपलेला. घरात वहीचं पान उलटलं तरी ओरडायचा. साडेतीन ते सहा हा अडीच तासांचा वेळ आणि ही खोली एवढंच तिच्याकडे होतं. परीक्षा मार्चमध्ये होती.

मी पट्टी सरकवायला लागले. खोली लहान झाली, हॉल लहान झाला, वसाहतीची छपरं आली.

“आपली खोली कुठं गेली?” ताई म्हणाली.

“आहे ना. दिसत नाही एवढंच.”

“दिसत न्हाई म्हंजे हाय कशावरून? मागं घ्या.”

मी मागे घेतली. खोली दिसली. पुन्हा पुढे गेले, पृथ्वीचा गोळा आला, तर तिने माझ्या हातातून माउसच घेतला आणि सरसर मागे खोलीपर्यंत आली. असं तिने चारपाच वेळा केलं. सूर्याला हात लावून परत, दीर्घिकेला हात लावून परत.

“सारखं मागे कशाला येता?”

“कुलूप घातलं का काय ते बघती. तुमचा काय नेम? तुमी जाल फिरत, आन् हितं माजी परीक्षा ऱ्हायची.”

आम्ही दोघी हसलो. डिसेंबर चालू होता आणि कुलपाची गोष्ट वसाहतीत कुजबुजीने फिरत होती. हॉल बाहेरच्या लोकांना लग्नासाठी देणं सुरू झालं होतं. केटररचं म्हणणं होतं की भांडी ठेवायला जागा द्या, तरच हॉल चालेल. हॉलला लागून जागा एकच, आमची अभ्यासिका. जानेवारीतल्या सर्वसाधारण सभेत ठराव येणार होता.

मंडळाचे अध्यक्ष बेलापूरला एका कार्यालयात हेड क्लार्क होते, आता निवृत्त. आम्ही त्यांना काका म्हणतो. मी सात वर्षांची असताना पहिलं भाषण केलं तेव्हा माइक माझ्या उंचीला आणून धरणारे हेच. त्यांना वाईट माणूस म्हणून लिहिणं मला सोपं गेलं असतं. ते मृदू बोलतात, कुणाच्याही मयतीला सर्वात आधी पोहोचतात, आणि वसाहत सुधारली पाहिजे हे त्यांना मनापासून वाटतं. सुधारलेली वसाहत म्हणजे एसी हॉल, इथवर ते आले होते.

मला वाटलं, या खोलीत काय चालतं ते लोकांना एकदा डोळ्यांनी दाखवलं की ठरावाला हात वर होणार नाहीत. सभेच्या आधीच्या रविवारी सकाळी वंदना झाल्यावर कार्यक्रम ठेवायला काकांनी आनंदाने परवानगी दिली.

पडद्यावर दाखवायच्या आधी रस्त्यावर दाखवायचं ठरलं. मंडळाची भात वाढायची मोठी परात आहे, काठापासून काठापर्यंत बरोब्बर एक मीटर. ती हॉलच्या दारात उभी केली. हा सूर्य. या मापाने पृथ्वी येते हरभऱ्याएवढी आणि ती असते एकशे सात मीटरवर. टेपने मोजत गेलो तर रिक्षास्टँड आला. तिथे ताईला हरभरा घेऊन उभं केलं. गुरू म्हणजे एक मोठी मोसंबी, ती अर्ध्या किलोमीटरच्याही पुढे. नेपच्यूनचं लिंबू तर थेट सीवूड्सच्या अलीकडे कुठेतरी, ते आम्ही कागदावरच ठेवलं.

रिक्षावाला ताईला म्हणाला, “काय मावशी, हरभऱ्याची राखण?”

“पृथ्वी हाय ही. रिक्षा मागं घे तुजी, चंद्र आडतोय.”

“चंद्र किधर है?”

“मोहरी हाय. सांडली.”

लोक पोट धरून हसले. मोहरी खरंच सांडली होती. दोन म्हाताऱ्या वाकून रस्त्यावर चंद्र शोधत होत्या. मग मी ओरडून विचारलं, सूर्यासारखा सर्वात जवळचा तारा, म्हणजे दुसरी परात, कुठे ठेवायची? कुणी म्हणालं पनवेल, कुणी पुणे, एकाने उदार होऊन दिल्ली दिली. मी सांगितलं, इथून निघून पृथ्वीला जवळजवळ पाऊण प्रदक्षिणा घाला, तिथे. आणि मधे काय? काही नाही. हॉलच्या दारात एकदम शांतता झाली. माझ्या आयुष्यात माझ्या बोलण्याने एवढी शांतता कधी झाली नव्हती.

मग आत जाऊन पडद्यावर पान दाखवलं. खोलीपासून निघून आम्ही सगळ्यात लांबच्या दीर्घिकांपर्यंत गेलो. पडदा काळा झाला आणि त्यावर मी लिहिलेली शेवटची ओळ ठळक अक्षरांत आली: ‘या पसाऱ्यात आपण धुळीचा कणही नाही. मग कसलं तुझं-माझं?’

टाळ्या थांबेनात. काकांनी माइक घेतला. मग म्हणाले, “पोरीने डोळे उघडले. लिंक ग्रुपवर टाक गं.”

आता आदल्या दिवसाचं सांगते. शनिवारी दुपारी मी पप्पांना ते पान घरी दाखवलं होतं. त्यांनी सगळं पाहिलं, परार्धापाशी थांबून खूश झाले, खाडीवर आपला जुना कारखाना ओळखला. शेवटची ओळ आली तेव्हा ते खुर्चीत मागे रेलले. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. कितीतरी वर्षांनी मी तो आवाज ऐकला.

“आपण धुळीचा कणही नाही. वा. कसलं तुझं-माझं. वा वा! सही कुठे करू?”

“पप्पा, हे पत्रक नाही,” मी म्हणाले.

“खाली ठळक ओळ आहे म्हणजे पत्रकच.”

“इथे मालक कोण आहे? सगळी आपलीच माणसं आहेत. जातीचा गर्व, पैशाचा गर्व, कसा फुसका आहे ते सांगतेय मी.”

“गर्व असलेले येणारेत का उद्या हॉलमध्ये?” त्यांनी चष्मा सरळ केला. “आम्हाला लहान आहात म्हणून सांगणारे पुष्कळ भेटले, पोरी. यंत्र घेऊन आलेली तू पहिली.”

मी चिडले. तुमचा काळ गेला, तुम्हाला प्रत्येक ठिकाणी मॅनेजर दिसतो, असं काहीतरी बोलले. ते “बरं” म्हणाले आणि पेपर वाचायला बसले. माझ्या आवाजात ती ओळ फार चांगली लागत होती. दुसऱ्याच्या आवाजात ती वाचून बघणं मला जमलं नाही, आणि खरं सांगायचं तर मी बघितलंच नाही.

पुढच्या रविवारी सकाळी सभा झाली. नव्वदेक लोक असतील. ठराव वाचला गेला. मी उभी राहिले आणि खुर्च्यांबद्दल बोलले. कुठल्या खुर्चीवर बसलेली मुलगी आज नर्स आहे, कुठल्या खुर्चीवरचा मुलगा तलाठ्याची परीक्षा पास झाला, सगळं. माझं संपल्यावर ताई उठली. सभेत उभं राहायची तिची पहिलीच वेळ. पदर दोन्ही हातांनी धरून ती एवढंच म्हणाली, “मार्चमधी माजी परीक्षा हाय. मार्चपत्तुर तरी ठेवा.”

कुणीतरी मागून म्हणालं, “बरोबर आहे.” मला वाटलं जिंकलो.

काका उठले. मृदूपणेच बोलले. “पोरगी आपलीच आहे, ताई आपल्याच आहेत. मी विरोधात नाही. पण गेल्या रविवारी आपण सगळ्यांनी काय पाहिलं? तिनेच दाखवलं ना? एवढं मोठं विश्व. त्यात ही खोली कुठे दिसत होती का हो? पृथ्वी हरभरा, तर आपली खोली काय? तिनेच लिहिलंय, मी नाही म्हणत. या पसाऱ्यात आपण धुळीचा कणही नाही. मग दहा बाय बारासाठी कसलं तुझं-माझं?”

लोक हसले, प्रेमाने हसले. गेल्या रविवारी टाळ्या वाजवणारीच माणसं तितक्याच मनापासून टाळ्या वाजवू लागली. मी काय बोलणार होते? ते वाक्य खोटं आहे म्हणणार होते? काकांच्या आवाजात ते इतकं गोड लागत होतं की जणू त्यांच्यासाठीच लिहिलं होतं.

हात वर झाले. विरोधात सात. मी, ताई, पप्पा आणि आणखी चौघं. पप्पा तिसऱ्या रांगेत बसले होते. मी त्यांच्याकडे पाहिलं तर ते चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसत होते. ‘सांगितलं होतं’ असं ते तेव्हा म्हणाले नाहीत, आणि अजूनही म्हणालेले नाहीत. म्हणाले असते तर बरं झालं असतं.

बाहेर चपला घालताना ताई मला म्हणाली, “मॅडम, तुमच्या कॉम्प्युटरात आपन धूळ, अध्यक्षांच्या तोंडात बी आपन धूळच. मंग मी ह्या शिकण्याचं काय करू? झाडू मारू?”

ती मला एरवी नावाने हाक मारायची.

विश्वापुढे माणूस क्षुद्र आहे, म्हणून नम्र व्हा, हे मी इंग्रजीत इतक्या ठिकाणी वाचलं होतं की ते मला विज्ञानाचाच भाग वाटायला लागलं होतं. अंतरं आणि आकडे विज्ञानाने सांगितले. क्षुद्र हा शब्द माणसांनी घातला, आणि ज्यांना आयुष्यात कुणी क्षुद्र म्हटलेलं नाही त्यांना तो परवडतो. आमच्या आज्यांना गावात सावली सांभाळून चालावं लागलं, त्यांच्या लेकी-सुनांना सकाळी सकाळी पडद्यावर धूळ म्हणून दाखवायचं, हे मला सुचलं कसं? सुचलं, कारण ओळ ठळक होती आणि टाळीची होती.

दुसऱ्याच आठवड्यात टेबलं विकली गेली. ताई काही दिवस कंपनीच्या कँटीनमध्ये बसली, तिथून तिला उठवलं. मग बसस्टॉपच्या बाकावर बसायची. मी तिला आमच्या घरी बोलावलं, दोनदा आली, मग आली नाही. मार्चमध्ये सगळे पेपर दिले. गणित आणि इंग्रजी राहिलं. विज्ञानात पास झाली. जुलैच्या परीक्षेचा फॉर्म मी भरून घेऊन गेले तेव्हा तिने तो दाराबाहेर उभं राहूनच परत केला, आत नवरा झोपला होता. लाइनवर सुपरवायझर म्हणून दहावी झालेली एक तिशीची बाई आली. ताई तिच्या हाताखाली आहे.

गेल्या महिन्यात हॉलमध्ये एका बारशाला गेले होते. मागच्या खोलीचं दार उघडं होतं, केटररची माणसं भांडी काढत होती. जिथे फळा होता त्या भिंतीला परात टेकवून ठेवली होती. मी बघत उभी राहिले. “बाजूला व्हा, लागेल,” म्हणत एकाने सूर्य डोक्यावर घेतला आणि गेला.

घरी येऊन मी पान उघडलं. शेवटची ओळ काढून टाकली. आता सगळ्यात लांबच्या दीर्घिकेपर्यंत गेलात की पट्टी आपोआप मागे फिरते आणि पहिल्या खोलीवर येऊन थांबते. तिथे मी तीन वाक्यं लिहिली: ‘ही खोली दहा बाय बाराची. हिच्यात अकरा जण शिकत होते. हिला कुलूप आपण लावलं.’

पप्पांना दाखवलं. ते रेलून बसले, चष्मा खाली आला. काकांचा आवाज त्यांना छान काढता येतो. पहिलं वाक्य वाचलं, दुसरं वाचलं. तिसऱ्यापाशी तो आवाज निघेना. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा तिथेच अडले.

“छाप,” ते स्वतःच्या आवाजात म्हणाले.

मी लिंक मंडळाच्या ग्रुपवर टाकली. तासाभरात मला ग्रुपवरून काढलं. ताईला ती वेगळी पाठवली होती. तिचा निरोप दोन दिवसांनी आला, बोलून रेकॉर्ड केलेला, मागे पॅकिंगच्या मशीनचा खडखडाट.

“बघितलं. समदीकडं फिरवून आनलं तुमी, आन् खोली दिसली. आता आत जायचं कसं, ते दाखवा.”